बनुबाईचं नववं उत्तर

आंबेथळच्या ख्रिस्ती देवळात बाप्तिस्मा घ्यायचा तर बारा प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ यावी लागत, आणि बनुबाई धनगरीण नवव्या प्रश्नावर दोनदा नापास झाली होती.

पहिल्यांदा नापास झाली तेव्हा साराबाईंनी तिची समजूत काढली. दुसऱ्यांदा झाली तेव्हा त्यांना स्वतःचीच काढावी लागली. साराबाई गावातल्या मिशनच्या शाळेत बावीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेत होत्या आणि दर रविवारी देवळात शब्बाथ शाळा भरवत होत्या. ज्याला आपलं पूर्ण नाव सांगता येत नव्हतं अशा पोराकडूनही त्यांनी वीसपर्यंत पाढे म्हणवून घेतले होते. त्यासाठी छडी लागली नव्हती. एकच गोष्ट दहा वेळा सांगायची आणि अकराव्या वेळीही पहिल्यांदाच सांगतो आहोत असा चेहरा ठेवायचा, एवढीच त्यांची विद्या. पण बनुबाईपुढे ती चालेना.

आणि आता वेळ उरला नव्हता. साल बाहत्तर. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. बाजरी वीतभर वाढून जळाली, ओढे पांढरे पडले. अर्धं गाव सरकारी कामावर खडी फोडत होतं. बनुबाईच्या मुलानं, कारभारीनं, दिवाळी सरताच ठरवून टाकलं होतं की उरलेली सव्वाशे मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि कोकण गाठायचं. निघायचा दिवस सोमवार. सत्तरीला टेकलेली आई मागं एकटी ठेवायची नाही, म्हणून तीही बिऱ्हाडाबरोबर जाणार. नगरहून पाळकसाहेब वर्षातून दोनदाच येत आणि ते नेमके याच रविवारी, सुगीबद्दल देवाचे आभार मानायच्या उपकारस्तुतीला येणार होते. शनिवारी परीक्षा, रविवारी बाप्तिस्मा. हा रविवार हुकला की बनुबाईला पुढचा मिळेल याची खात्री कोणीच देऊ शकत नव्हतं. ती स्वतः तर मुळीच देत नव्हती.

"वाटंत मेले तर तशीच जाईन," ती म्हणाली होती. तिच्या आवाजात रड नव्हती. चुलीवर भाकरी टाकली आहे असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं होतं.

म्हणून त्या बुधवारी शाळा सुटल्यावर साराबाईंनी तिला ओसरीवर बसवलं आणि मदतीला दुसरीतल्या चार मुली थांबवून घेतल्या. मुलांच्या तोंडून ऐकलं की मोठ्यांना लवकर येतं, हा त्यांचा अनुभव होता.

बनुबाई खांबाला टेकून बसली. उंच, हाडापेरानं मोठी बाई. कपाळावर जुनं गोंदण. हातातली काठी तिनं मांडीवर आडवी घेतली होती.

"देव कोठे आहे?" विजयमाला नावाच्या मुलीनं विचारलं. ती सात वर्षांची होती आणि परीक्षक होण्याची संधी तिला पुन्हा मिळणार नव्हती, त्यामुळे आवाज चांगलाच करडा होता.

"समदीकडं हाय."

"सर्वत्र आहे म्हणा, आजी."

"सर्वत्र हाय. अगं, समदीकडं काय आन सर्वत्र काय, लपायला जागा न्हाई येवढं खरं."

मुली खुदखुदल्या. पाचवा झाला, सहावा झाला, आठवाही झाला. बनुबाई अडखळत नव्हती. शब्द तिच्या बोलीतून वाकडे होऊन बाहेर पडत, पण अर्थ जागच्या जागी असायचा. मग विजयमालानं नववा प्रश्न टाकला.

"तू देवाची आहेस हे तुला कशावरून कळते?"

बनुबाई शेवग्याच्या झाडाकडे पाहू लागली.

विजयमाला थोडी थांबली आणि मग राहवेना म्हणून तिनंच एका दमात म्हणून दाखवलं, "मी पापाचा पश्चात्ताप केला आहे, मी प्रभूवर विश्वास ठेवला आहे आणि मी त्याच्या आज्ञा पाळण्याचा निश्चय केला आहे, यावरून मी देवाची आहे हे मला कळते!"

"लई ग्वाड म्हनती पोरगी," बनुबाई म्हणाली. "पन येवढं समदं तिनंच केलं व्हय? मंग देवानं काय केलं? नुसता बसून ऱ्हायला?"

मुली आता मोठ्यानं हसल्या. साराबाई हसल्या नाहीत. त्यांनी मुलींना घरी पाठवलं आणि बनुबाईच्या समोर येऊन बसल्या.

"मावशी, खरं सांगा. तुम्हाला नववं येत नाही, की तुम्ही म्हणत नाही?"

"म्हनत न्हाई."

"दोन्ही वेळा?"

"दोनी वेळा."

साराबाईंना आधी राग आला. दोन वर्षं! दोन वर्षं आपण हिच्यापुढं घसा कोरडा केला. मग त्या राग गिळून म्हणाल्या, "का बरं?"

"तुमी ऐकनार आसाल तर सांगते. मधी शिकवायचं न्हाई."

"नाही शिकवत."

बनुबाईनं काठी बाजूला ठेवली. "आमी तुमच्या देवळाच्या रानात मेंढरं बसवायचो, खतासाठी. तवा काय मी तुमचं ऐकायला आल्ते? मेंढरं बसवायला आल्ते. ऐतवारी खिडकीतनं गानं कानावर आलं. मी म्हनलं, आपल्याला काय त्याचं. म्होरल्या साली पुन्ना कानावर आलं. माझं काळीज काय थाऱ्यावर ऱ्हाईना. मी घाबरले. त्याच्या म्होरल्या साली मी आमच्या कारभारीला म्हनलं, यंदा त्या रानात न्हाई जायचं, पाटलाच्या रानात बसवू. तर पाटलानं आधीच दुसऱ्या धनगराचा वाडा ठरवल्याला. आलो परत हितंच. बाई, मी पळत हुते आन त्यो माझ्या मागं येत हुता. पंधरा वर्सं. आन आता मी पंचापुढं हुभी ऱ्हाऊन म्हनू, म्या धरलं म्हनून? ज्यानं मला धरलं त्याच्या तोंडावर?"

साराबाईंनी हातातलं तांबड्या पुठ्ठ्याचं प्रश्नोत्तरांचं पुस्तक उघडलं, मिटलं. बावीस वर्षं त्यांनी हे उत्तर शिकवलं होतं आणि त्यात खटकण्यासारखं काही असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

"मावशी, एवढ्या शनिवारपुरतं म्हणून टाका. प्रभू समजून घेईल."

"त्यो घील. त्याचा सभावच तसा हाय. मला न्हाई घेता येनार."

मग साराबाईंनी दुसरा मार्ग धरला. दिवस बुडायच्या आत त्या भिमाजीबाबांकडे गेल्या. भिमाजीबाबा देवळाच्या मंडळीचे पंच. धंद्यानं पाथरवट, वय पासष्ट, आणि देवळाचं सभासदांचं रजिस्टर त्यांच्या ताब्यात. ते अंगणात एका जात्याला टाकी लावत बसले होते. साराबाईंनी सलाम केला आणि सरळ विषयाला हात घातला.

"बाबा, बनुबाईला अकरा उत्तरं येतात. नववं सोडून द्या."

भिमाजीबाबांची छिन्नी थांबली नाही. "मग उद्या कोणी म्हणेल चौथं सोडा. परवा कोणी म्हणेल सगळीच सोडा."

"ती म्हातारी आहे."

"म्हातारी आहे म्हणूनच जास्त नीट व्हायला हवं." आता त्यांनी छिन्नी खाली ठेवली. "साराबाई, तुम्हाला ठाऊक आहे. माझा आजा मोठ्या दुष्काळात ख्रिस्ती झाला. खरोखरच्या मनानं झाला. पण त्याच वर्षी मिशननं धान्य वाटलं होतं. मरेपर्यंत गाव त्याला गव्हाचा ख्रिस्ती म्हणत होतं. माझ्या बापालाही म्हणत होतं. मी शाळेत जायचो तेव्हा पोरं माझ्या पाटीवर गव्हाची ओंबी काढून ठेवायची. आज पुन्हा दुष्काळ आहे. पुन्हा देवळाच्या आवारात गव्हाची पोती आली आहेत. अशा वर्षी एका धनगर बाईला आपण बाप्तिस्म्याचं पाणी दिलं, आणि तेही परीक्षेत सूट देऊन, तर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोडा."

"तुमच्या पाटीवर कोणी ओंबी काढली नव्हती, म्हणून तुम्हाला सोडता येतं." ते पुन्हा जात्याकडे वळले. "बारा म्हणजे बारा. ज्याला त्याला नीट विचारून घेतलं, असं मला छातीवर हात ठेवून सांगता आलं पाहिजे."

साराबाई परत फिरल्या. माणूस दुष्ट असता तर भांडता आलं असतं. पण भिमाजीबाबा दुष्ट नव्हते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं. घरी येईपर्यंत मात्र एक गोष्ट त्यांच्या मनाशी पक्की झाली. बनुबाईला त्या तशीच, बाप्तिस्म्याविना पाठवणार नव्हत्या. कसं ते ठाऊक नव्हतं, पण पाठवणार नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या वाटेवर हौदाजवळ गलका ऐकू आला. हौदाशेजारी गावात पाणी राहिलेली एकच विहीर होती. तिच्यावर इंजिन लावून हौद भरत, आणि ठरलेल्या वेळी ठरलेली जनावरं पाण्यावर येत. त्या दिवशी वेळ चुकली. कारभारीची मेंढरं आणि सोनईकडून आलेल्या गोरक्ष नावाच्या दुसऱ्या धनगराची मेंढरं एकदमच हौदावर कोसळली आणि दोन कळपांचा एक होऊन बसला. तहानेनं वेडी झालेली तीनशे मेंढरं, सगळी एका रंगाच्या धुळीनं माखलेली.

"आता काय कपाळ निवडतोस!" गोरक्ष कारभारीवर ओरडत होता. "आर्धी आर्धी वाटून घ्यायची का?"

"तुझी तू घे, माझी मी घेतो. बोंबलतो कशाला? आई आली बग."

बनुबाई शांतपणे कळपात शिरली. मेंढराचा कान दोन बोटांत धरायचा आणि सोडायचा. कारभारीच्या मेंढरांच्या उजव्या कानाच्या टोकाला खाच होती, गोरक्षच्या मेंढरांचा डावा कान मधोमध चिरलेला होता. बहुतेकांचा तर ती कानही पाहत नव्हती. लांबूनच काठी दाखवून सांगत होती, "ती आपली. ती न्हाई. ती आपली, लंगडीची लेक." साराबाई बांधावर उभ्या राहून पाहत राहिल्या. या बाईला एक उत्तर पाठ होत नाही, असं आपण दोन वर्षं समजत होतो!

शेवटी एक कोकरू उरलं. आठ-दहा दिवसांचं, त्याच्या कानावर काहीच खूण नव्हती. ते भांबावून हौदाच्या कडेला उभं होतं.

"हे कुनाचं?" गोरक्ष म्हणाला. "खून न्हाई. बिनधन्याचं दिसतंय."

"बिनधन्याचं कोकरू कदी बगितलंस का रे बाबा?" बनुबाईनं त्याला उचलून काखेत घेतलं. "आमचं हाय. काळतोंडीचं. मंगळवारी कातरायचा हुता कान, ऱ्हायला."

"आन मी म्हनलं माझं हाय तर?"

कारभारी हसला. "म्हन की. खून केली म्हनून आमचं हुतं व्हय रे गोरक्ष? आमचं हाय म्हनून खून करतो."

हे तो अगदी सहज बोलला आणि मेंढरं हाकायला लागला. गोरक्षही हसून आपल्या कळपाकडे गेला. दोघांच्या दृष्टीनं त्या बोलण्यात विशेष काही नव्हतं. पण साराबाई बांधावरच उभ्या राहिल्या, आणि शाळेची घंटा झाली तरी त्यांचे पाय हलेनात. आयुष्यात पहिल्यांदा त्या शाळेत मुलांच्या नंतर पोचल्या.

शनिवारी दुपारी देवळात परीक्षा भरली. पाळकसाहेब मोटारीनं आले होते. धुळीनं त्यांचा पांढरा सदरा तांबूस झाला होता. ते मेजामागे बसले, शेजारी भिमाजीबाबा रजिस्टर आणि दौत घेऊन. बनुबाई समोर उभी. तिला बस म्हटलं तरी ती बसली नाही. साराबाई बाजूच्या बाकावर बसल्या. दाराबाहेर कारभारी उकिडवा बसला होता. आईनं हे करावं असं त्याला वाटत नव्हतं, जमातीत चार तोंडं चार गोष्टी बोलतील ही धास्ती होती. पण आईला एकटं सोडून तो घरीही बसला नव्हता.

आठ प्रश्न झाले. पाळकसाहेब मान डोलवत होते. भिमाजीबाबांनी नववा प्रश्न विचारला आणि डोळे रजिस्टरवर ठेवून वाट पाहू लागले.

"ह्ये मी पुस्तकातल्यावानी न्हाई म्हननार," बनुबाई म्हणाली. "माझ्यावानी म्हनू का?"

"नियम पुस्तकाचा आहे."

"म्हणू द्या," पाळकसाहेब म्हणाले.

"मी देवाची हाय ह्ये मला कशावरनं कळलं? त्यानं मला सोडलं न्हाई, त्यावरनं. मी सोडून बगितलं. मी मानूस हाय, मी आज धरीन, उद्या सोडीन. मेंढराला काय कळतंय त्ये कुनाचं हाय? धन्याला कळतंय. कळपात तीनशे आसू द्या न्हाईतर तीन हजार आसू द्या."

भिमाजीबाबांनी मान वर केली. "असं जर आहे, देवाला सगळं आधीच ठाऊक आहे आणि तू त्याचीच आहेस, तर मग पाणी कशाला हवं? जा की तशीच कोकणात."

प्रश्न खोचक होता, पण चुकीचा नव्हता. बनुबाईनं मात्र क्षणभरही विचार केला नाही.

"धन्याला खून लागत न्हाई, बाबा. लोकाला लागती. मेंढरू वाट चुकून दुसऱ्याच्या वाड्यात गेलं तर त्यांनी कान बगून म्हनावं, ह्ये अमक्याचं हाय, दिऊन टाका. मी परमुलखात चालले. तितं मी पडले तर कुनीतरी म्हनाया पायजे, ही बाई कुनाची हुती."

मग भिमाजीबाबांनी मनातलं खरं दुखणं बाहेर काढलं. "आणि गाव म्हणेल, गव्हासाठी झाली."

"कुनाच्या गव्हासाठी?" आता बनुबाईचा आवाज चढला. "तुमच्या? पंधरा वर्सं माझी मेंढरं तुमच्या रानात बसली. माझ्या लेंड्यांवर तुमचा गहू आला, बाबा! मी तुमचा खाल्ला का तुमी माझा खाल्ला?"

पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला, पण हसू लपलं नाही. दाराबाहेर कारभारी मोठ्यानं हसला आणि लगेच गप्प झाला. भिमाजीबाबांच्या मिशाही जरा हलल्या, तरी त्यांनी लेखणी उचलली नाही. "बोलण्यात कोणाला हार जाणार नाही ही बाई," ते म्हणाले. "पण मी माझ्या मनानं नियम मोडणार नाही. माझ्या आधीच्या पंचांनी मोडला नाही."

तेव्हा साराबाई उभ्या राहिल्या. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"बाबा, मला विचारा नववा प्रश्न."

"तुम्हाला? तुम्ही तो शिकवता."

"म्हणूनच विचारा."

भिमाजीबाबांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी हातानंच हो म्हटलं. "तू देवाची आहेस हे तुला कशावरून कळते?" त्यांनी वाचलं. साराबाईंना 'तू' म्हणताना ते थोडे अवघडले.

"माझा बाप्तिस्मा याच देवळात झाला," साराबाई म्हणाल्या. "मी दोन महिन्यांची होते. पुस्तकात म्हटलंय, मी पश्चात्ताप केला. मी केला होता का? मी विश्वास ठेवला. मला विश्वास म्हणजे काय ते माहीत होतं का? आई सांगायची, पाणी डोक्यावर पडलं तशी मी किंचाळून रडले आणि उपासना संपेपर्यंत थांबले नाही. आता सांगा, त्या दिवशी मी कोणाची होते?"

भिमाजीबाबांची नजर पुन्हा रजिस्टरवर गेली.

"तुमचाही लहानपणीच झाला, बाबा. तुमचं नाव त्याच रजिस्टरात तुमच्या वडिलांनी लिहिलंय. तेव्हा तुम्हाला बारा उत्तरं कोणी विचारली होती? तुम्ही आईच्या कडेवर होता. आपल्याला उचलून घेतलं तेव्हा आपण काहीच केलेलं नव्हतं. पश्चात्ताप, विश्वास, आज्ञा, सगळं नंतर आलं. उचलून घेतलं म्हणून आलं. मी बावीस वर्षं मुलांना हे उलट्या क्रमानं शिकवत आले. चूक माझी आहे. तिची नाही. आणि या उत्तरासाठी तिला बाहेर ठेवणार असाल, तर त्याच न्यायानं माझंही नाव काढा. मी हे रागानं म्हणत नाही. पण म्हणते आहे."

पाळकसाहेबांनी निर्णय द्यावा म्हणून साराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण ते भिमाजीबाबांकडे पाहत होते. शहाणा माणूस. जो दरवाजा भिमाजीबाबांनी धरून ठेवला होता तो त्यांच्याच हातून उघडला, तर पुढं कोणी तो बंद करणार नाही, हे त्यांना कळत होतं.

भिमाजीबाबांनी रजिस्टरची पानं उलटत उलटत मागं नेली. जुनी पानं पिवळी पडली होती. एका पानावर ते थांबले. बोटानं एक ओळ शोधली आणि बोट तिथंच ठेवून बसले. टाकी मारून मारून टोक बोथट झालेलं ते जाड बोट होतं. मग त्यांनी पानं पुन्हा पुढं आणली, दौतीत लेखणी बुडवली आणि म्हणाले, "दहावा प्रश्न."

बनुबाईनं दहावं, अकरावं आणि बारावं उत्तर दिलं. बाराव्यात विजयमालानं शिकवलेलं "सर्वत्र" तिनं नको त्या जागी घुसवलं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. भिमाजीबाबांनी सावकाश लिहिलं. 'अकरा उत्तरे बरोबर. नववे स्वतःच्या शब्दांत. मान्य.' मग त्यांनी विचारलं, "गाव काय लिहू? आंबेथळ लिहायचं तर तू परवा चाललीस."

"मेंढरांसंगं, आसं लिवा."

त्यांनी तसंच लिहिलं.

रविवारी उपकारस्तुतीला देऊळ भरलं. दर वर्षी वेदीपुढं बाजरीची कणसं, भोपळे, तिळाच्या पेंढ्या यांचा ढीग लागायचा. त्या वर्षी चिंचेची एक टोपली होती, कोणी शेण्या आणल्या होत्या, कोणी रेशनवर मिळालेल्या परदेशी मिलो ज्वारीची ओंजळ. चांगुणा नावाची बाई सहा दिवस खडीच्या कामावर जायची. तिनं फोडलेल्या खडीचं एक घमेलं आणून सगळ्यांत पुढं ठेवलं. "यंदा माझ्या हातून हेच पिकलं," ती म्हणाली. पाळकसाहेबांनी त्या घमेल्यासाठी वेगळी प्रार्थना केली.

मग त्यांनी पितळी वाडग्यातलं पाणी हातात घेतलं. बनुबाई पुढं आली. तिनं डोईवरचा पदर मागं घेतला तेव्हा तिचे पांढरे केस सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिले. पाणी थोडंच होतं. ते कपाळावरून गोंदणावर आलं, नाकाच्या शेंड्याला जरा थांबलं. तिनं पुसलं नाही. कारभारी खिडकीपाशी उभा होता, बाहेरच्या बाजूला. हात जोडायचे की नाही हे ठरत नसल्यामुळे त्याचे हात अर्ध्यावरच राहिले होते.

सोमवारी दिवस उगवायच्या सुमाराला बिऱ्हाड निघालं. दोन घोड्यांवर तंबूची पालं, भांडी, कोंबड्यांची खुराडी, आणि पुढं मेंढरांचा लोंढा. साराबाई शाळेच्या वाटेवर थांबल्या होत्या. बनुबाई घोड्यावर बसायला तयार नव्हती. "आजून पाय हायेत मला," म्हणत ती कळपाच्या पुढं चालत निघून गेली होती. जाताना साराबाईंच्या गालावरून फक्त हात फिरवून गेली.

कारभारी मात्र मागं रेंगाळला. त्यानं मुंडासं काढलं, पुन्हा बांधलं.

"बाई, येक इचारू का? आईला वाटंत काय झालं तर मी काय करायचं? तितं तुमचं देऊळ नसलं, पाळक नसला तर? आमच्या रीतीनं केलं तर तुमाला चालंल का? आन तुमची रीत मला येत न्हाई."

साराबाईंनी घाईनं उत्तर दिलं नाही. त्याचा प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर देण्याची त्यांना आता भीती वाटत होती.

"देऊळ असलं तर तिथं जाऊन सांग, आमची आई तुमची आहे," त्या म्हणाल्या. "नसलं तर तुझ्या हातानं खड्डा घे आणि तिला माती दे. येईल ते बोल. काहीच बोलता आलं नाही तर गप्प उभा राहा. तुझ्या हातून काही राहिलं म्हणून ती देवाची नाही असं होणार नाही. तिला त्यानं धरलंय, कारभारी. तुझ्या रीतीनं ती सुटणार नाही आणि माझ्या रीतीनं जास्त धरली जाणार नाही."

कारभारीनं ते नीट ऐकून घेतलं. मग त्यानं मान हलवली.

"मंग मला जमंल," तो म्हणाला, आणि मेंढरांच्या मागं धुळीत शिरला.